खोडरबर मॅडम

भोईर मॅडम आमचा कोड वाचायच्या आधी पुसायच्या. तेच काम पुन्हा पुन्हा करवणारा एक जरी लूप स्क्रीनवर दिसला, की मागून त्यांचा हात यायचा आणि तासाभराचं काम एका झटक्यात जायचं. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात सगळे त्यांना खोडरबर म्हणायचे. मी त्याहून वाईट म्हणायचे, मनात.

नऊ वर्षं जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करून मी तिथे आलेले. कंपनीला सगळं हास्केल या फंक्शनल भाषेत हवं होतं आणि ती शिकवायचं काम मॅडमकडे. पुस्तक नाही, लेक्चर नाही. रोज सकाळी फळ्यावर एक कोडं. यादी उलटी करा, पण लूप न वापरता. बेरीज करा, पण एकदा ठरलेली किंमत न बदलता. "केलेलं बदलायचं नाय, नवीन करायचं," एवढंच सांगायच्या. कोपरच्या जुन्या गावातल्या त्या. आजोबा मिठागरात राबलेले. दयामाया त्या घरात कुणी शिकवली नसावी, असं मला वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात माझं फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, स्वतःलाच बोलावत राहिलं आणि मशीन अडकलं. मॅडमनी ते आठ जणांसमोर मोठ्याने वाचलं. "थांबायचं कुठं ते लिहिलं नाय, आणि निघाली चालायला." सगळे हसले. मी वॉशरूममध्ये रडत होते, तर त्या आल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "झालं की ये. कोडं तसंच आहे."

सहा महिन्यांनी माझ्या कामाच्या अहवालात त्यांनी लिहिलं, 'अजून तयार नाही.' बढती गेली. त्या रागात मी घरी भाजी चिरतानाही कोडी सोडवली. शिकायचं म्हणून नव्हे, बाईंना पुसायला काही मिळू नये म्हणून.

एका कोड्यावर सगळी टीम दोन दिवस अडली होती. मी ते पाच ओळींत सोडवलं. मॅडमनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. मग दुसरी ओळ पुसली, चालवून पाहिलं. उत्तर बरोबर आलं. "ती नको होती," म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. त्यांनी कारणही विचारलं नाही.

पुढच्या मुलाखतीत मी फळ्यावर उत्तर लिहिलं, तसा समोरचा माणूस खुर्चीतून पुढे सरकला. "इतकं नेटकं कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. माझी मीच शिकले."

नोकरी मिळाली. त्या खोट्याची मला लाज वाटते. पण आजही कुणी विचारलं, तर मी तेच सांगते.