ओल्या मातीतला खांब

फौजेतून आलो म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती दुश्मन मारले? मी सांगतो, एकही नाही, खुंट्या मारल्या. समोरच्याचा चेहरा पडतो. बोईसरला ज्या कारखान्याच्या गेटवर मी आता सिक्युरिटी सुपरवायझर आहे, तिथले लोक माझ्यामागे मला 'खुंटीसाहेब' म्हणतात. म्हणू देत. मी इंजिनिअर रेजिमेंटचा हवालदार होतो. पूल बांधायचा, नदीवर दोर टाकायचा, गाडी चिखलातून ओढून काढायची, ही आमची कामं. यातलं प्रत्येक काम जमिनीत काहीतरी घट्ट रोवण्यापासून सुरू होतं.

आमची खुंटी म्हणजे पिकेट, छातीएवढ्या उंचीची, लोखंडी. ती सरळ ठोकायची नाही. ओढ ज्या बाजूला पडणार, तिच्या उलट्या बाजूला कलती ठोकायची. पुढे तीन पिकेट, त्यांच्यामागे दोन, त्यांच्यामागे एक, आणि पुढच्यांचं डोकं मागच्यांच्या पायाशी दोराने आवळायचं. याला होल्डफास्ट म्हणतात. ट्रेनिंगमध्ये उस्ताद लोक आमच्याकडून दिवसभर होल्डफास्ट बांधून घेत आणि संध्याकाळी ट्रक लावून ओढून बघत. ज्याचा उपटला तो पळत ग्राउंडला फेऱ्या मारी. मी फार फेऱ्या मारल्या नाहीत, कारण हे काम माझ्या घरचंच होतं.

आमचं घर नवापूरचं, मासेमारीचं. माझे बाबा समुद्राच्या तळाशी लाकडी खुंट मारून त्याला जाळं बांधत. खुंट मारून झाला की दोन-तीन भरत्या जाईपर्यंत त्याला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. चिखल बसू दे, हलवलास तर त्याची पकड जाते, असं म्हणत. पहिल्या सुट्टीत मी घरी येऊन मोठ्या ऐटीत होल्डफास्ट समजावला, तर बाबा म्हणाले, "खुंटच मारायचे होते तं घरी काय वाईट होतं? हितं मासे तरी गावतात."

त्या पावसाळ्यात आमची रेजिमेंट सीमेपासून लांब, पीस स्टेशनला होती. पावसाळ्यात प्रत्येक इंजिनिअर युनिटचा एक फ्लड रिलीफ कॉलम तयार असतो. बोटी, दोर, लाइफ जॅकेट गाडीत भरलेली असतात आणि फोन आला की निघायचं असतं. फोन आला तो पालघर जिल्ह्याचा. माझ्याच जिल्ह्याचा! गाडीत बसल्यावर सेक्शनमधल्या सगळ्यांनी मला बोंबील खायला घालण्याचं वचन द्यायला लावलं. त्यात सर्वांत पुढे होता नाईक भानुदास.

भानुदास सांगली जिल्ह्यातला, कृष्णाकाठचा. अंगाने पैलवान, पाण्यात सेक्शनमधला सर्वांत तरबेज. मी समुद्राकाठचा असूनही तो मला पोहण्यात हरवायचा आणि वर म्हणायचा, "उस्ताद, तुमाला मीठ घातल्याशिवाय पाण्यात पवता येत न्हाई." माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता. बायको सुनंदा गावी त्याच्या आई-वडिलांजवळ होती. पुढच्या महिन्यात त्याची सुट्टी मंजूर झालेली होती.

सफाळ्याच्या पुढे आत, डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्याला पाण्याने वेढा घातला होता. समोर वैतरणेच्या खाडीला मिळणारी नदी, मागे डोंगर. डोंगराकडे जाणारी पायवाट दरडीखाली गेली होती. धडधाकट माणूस हातापायांवर वर चढून गेला असता, पण म्हातारी माणसं, पोरंबाळं आणि लेकुरवाळ्या बाया अडकल्या होत्या. नदीवरचा छोटा पूल आदल्या दिवशी वाहून गेला होता. त्याचे मोडके खांब नदीच्या मधोमध, आमच्या जागेपासून थोडे खाली, पाण्यात डोकं काढून उभे होते. ढग इतके खाली होते की हेलिकॉप्टर येणार नव्हतं.

आमचे कॅप्टनसाहेब तरुण होते, शांत डोक्याचे. त्यांनी मला विचारलं, "हवालदार, तुमचा मुलूख आहे. पाणी उतरेल?"

"नाही, साहेब. भरती लागलीय. खाडी भरली की नदीचं पाणी पुढे सरकत नाही. दुपारपर्यंत चढतच जाणार."

पाड्यातली घरं नदीच्या पातळीपासून पुरुषभर उंचावर होती. पाणी चढत होतं, म्हणजे आमच्या हातात सकाळच तेवढी होती.

प्लॅन सरळ होता. दोन्ही काठांवर होल्डफास्ट, मध्ये जाड दोर ताणलेला, त्याला पुलीने रबरी बोट अडकवायची आणि दोन्हीकडून ओढून ने-आण करायची. मोकळी बोट त्या धारेत पुलाच्या खांबांवर आपटली असती. पलीकडे पोहून कुणीतरी दोर न्यायचा होता. मी पुढे झालो. कॅप्टनसाहेब म्हणाले, "तुम्ही या काठाचा होल्डफास्ट बांधा. भानुदास जाईल."

भानुदास बराच वरून पाण्यात उतरला, कंबरेला बारीक दोर बांधून. धारेने त्याला खाली खेचलं, पण तो तिरका पोहत बरोबर पाड्यासमोर लागला. पाड्यातल्या माणसांनी त्याला हात देऊन वर घेतलं. मग त्याने बारीक दोराने जाड दोर ओढून घेतला, त्याला बांधलेल्या पिकेट, घण आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला रेडिओ सेट घेतला. आमच्या काठाला घट्ट मुरूम होता. माझा होल्डफास्ट अर्ध्या तासात उभा राहिला. रेडिओवर आम्ही अल्फा होतो, भानुदास ब्राव्हो.

"अल्फा, ब्राव्हो. पिकेट हातभर जातीया, मग वाकतीया. खाली कातळ. ओव्हर."

"ब्राव्हो, जागा बदल. ओव्हर."

"तीन ठिकाणी बघितलं, उस्ताद. समदा कातळच हाय. आंब्याचं झाड हाय, पर दोर तितवर पुरत न्हाई. ओव्हर."

रेडिओत मागून एक माणूस बोलताना ऐकू आला. "बांदाकडं माती हाय, साहेब. भात लावतो ना आमी, थतं कंबरभर खणता येल." हा लखमादादा, पाड्यातला वयस्कर शेतकरी. पाडा त्याचं ऐकत होता. त्याने स्वतःच्या गोठ्याचे दोन सागाचे खांब उपटून आणले. पहारीने खड्डे खणले. भानुदासने खांब मागे कलते ठेवून एकामागे एक बसवले, भोवती दगड ठासले आणि दोघांना आवळून बांधलं. जे मिळेल त्यातून जेवढं शास्त्रशुद्ध करता येईल तेवढं त्याने केलं.

कॅप्टनसाहेबांनी दुर्बीण खाली घेतली. "तुम्हाला काय वाटतं?"

"साहेब, ठोकलेली खुंटी धरते, कारण भोवतीची माती हललेली नसते. खणलेल्या खड्ड्यात खांब बसवला की माती बसायला वेळ लागतो. त्यात ही माती पाण्याने भिजलेली. भरवसा नाही."

"दुसरा उपाय?"

"नाही, साहेब."

खरंच नव्हता. आजही रिकाम्या वेळी मी तो काठ डोळ्यांसमोर आणून दुसरा उपाय शोधतो. सापडलेला नाही.

बोटीत कमी माणसं घ्यायची असं ठरलं. पहिली फेरी आली. दोन बाया, चार पोरं, एका बाईच्या काखेत कोंबडी. दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येक फेरीनंतर मी दुर्बिणीतून पलीकडचा पुढचा खांब बघत होतो. तो कललेला होता तसाच होता. मला जरा धीर आला. शेवटची फेरी उरली. त्यात अंथरुणाला खिळलेली तीन म्हातारी माणसं आणि लखमादादाची सून, तान्हं बाळ घेऊन. त्यांना चढवून मग भानुदास आणि पाड्यातले पुरुष डोंगर चढून वर जाणार होते.

बोट सुटली तेव्हा धार वाढली होती. दोर कमानीसारखा खाली वाकला. दुर्बिणीत पुढचा खांब किंचित सरळ झालेला दिसला. कलता खांब सरळ होतोय म्हणजे तो यायला लागलाय. ते लखमादादालाही दिसलं असणार, कारण त्याने हाक मारली आणि सात-आठ पुरुष खांबांभोवती जमले. एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून ते खांबाच्या बुडाशी माती तुडवायला लागले.

त्यांच्यात घराचा मुख्य खांब उभा करताना घरातले सगळे पुरुष असे गोल उभे राहून माती तुडवतात, हे मला नंतर समजलं. तुडवल्याशिवाय खांब उभा राहिला असं ते मानतच नाहीत. पण घरं ते उन्हाळ्यात बांधतात, सुक्या मातीत. भिजलेली माती तुडवली की काय होतं हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? लावणीच्या आधी शेतात चिखल ते असाच करतात. पण त्या क्षणी त्यांना शेत दिसत नव्हतं. त्यांना खांब दिसत होता, आणि बोटीत त्यांचे आई-बाप होते.

"ब्राव्हो, तुडवणं थांबवा! ओव्हर!"

मी बटण पुन्हा दाबलं.

"ब्राव्हो, ब्राव्हो! भानुदास, त्यांना बाजूला कर! ओव्हर!"

सेट बांधावर ठेवलेला होता. भानुदासच्या दोन्ही हातांत बोट सोडायचा दोर होता. नदीचा आवाज असा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. मी पाण्यात गुडघाभर शिरलो आणि दोन्ही हात हलवून थांबा, थांबा अशा खुणा केल्या. लखमादादाने मला पाहिलं. त्यानेही हात वर करून हलवला. त्याला वाटलं, मी सांगतोय की जोरात. त्याने माणसांना ओरडून काहीतरी सांगितलं आणि ते सगळे आणखी जोरात तुडवू लागले.

मी आयुष्यात इतका लाचार कधी झालो नाही. समोर दोनशे हातांवर चुकतंय ते दिसतंय, कशाने थांबेल ते माहीत आहे, आणि एक शब्द पोचत नाही.

बोट मध्यावर होती, मोडक्या खांबांच्या बरोबर वरच्या अंगाला. दोर आत्ता सुटला असता तर ती त्यांच्यावरच जाऊन फुटली असती. पुढचा खांब डुलला. तेव्हा भानुदासने बोटीचा दोर दुसऱ्याच्या हातात दिला आणि मागच्या खांबाला गुंडाळून उरलेलं जाड दोराचं शेपूट उचलून स्वतःच्या कंबरेला घेतलं. गाठ मारली. बांधाच्या मागे आडवा झाला आणि दोन्ही पाय बांधाला टेकवून मागे रेलला. सेक्शनमध्ये रस्सीखेच असली की शेवटचा माणूस तोच असायचा.

आम्ही आमच्या बाजूने ओढत होतो. सगळा सेक्शन आणि आधी आलेल्या बायासुद्धा. बोट खांबांच्या अलीकडे आली. अजून थोडी आली. मग पलीकडचे दोन्ही खांब एकदम उपटून आले. पुरुष बाजूला फेकले गेले. दोर सैल पडला, बोट आमच्या होल्डफास्टच्या आधाराने फिरून खाली आमच्याच काठाला लागली. सगळे सुखरूप. बाळ रडतसुद्धा नव्हतं.

दोराच्या दुसऱ्या टोकाला भानुदास होता. तो बांधावरून पाण्यात ओढला गेला आणि त्याच्यावर ते दोन सागाचे खांब. आम्ही दोर खेचला. दोर मोडक्या पुलात अडकला. आम्ही खेचत राहिलो. कॅप्टनसाहेबांनी शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एकटाच खेचतोय.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पाणी उतरलं आणि तो पुलाखालीच मिळाला. गाठ सुटलेली नव्हती. दोर कापावा लागला. लखमादादा आणि पाड्यातले पुरुष डोंगरावरून उतरून आले होते. लखमादादा माझ्याजवळ आला आणि त्याने विचारलं, "साहेब, तू हात हालवत व्हतास. आमी तुडवलं म्हणून सुटला का तो?"

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पूर जास्त होता, माती वाईट होती, हे सगळं खरंच होतं. मी कापलेला दोर गुंडाळत राहिलो. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग खाली बसला.

उन्हाळ्यात त्याचा निरोप आला. त्या भागात अवेळी गेलेल्या माणसाच्या नावाने लाकडाचा कोरलेला खांब उभा करतात. पाड्याने भानुदासच्या नावाने खांब घडवला होता. वर चंद्र-सूर्य आणि खाली डोक्यावर टोपी असलेला एक माणूस. मी सुट्टी काढून गेलो. सांगलीहून सुनंदा आणि भानुदासचे वडील आले. खड्डा खणून झाला, खांब उभा केला, दगड ठासले, माती लोटली. पुरुष गोल उभे राहिले, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून. आणि तसेच उभे राहिले. कुणाचा पाय उचलेना.

"काय झालं?" सुनंदाने मला हळूच विचारलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

लखमादादाने ते ऐकलं. त्याने खांद्यांवरचे हात काढले, तिच्यासमोर आला आणि सगळं सांगितलं. आपण तुडवलं, साहेब हात हालवत होता, आपल्याला समजलं नाही. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "आता आमचा पाय उठत नाय, पोरी."

सुनंदाने त्या खांबाकडे बघितलं. मग तिने सासऱ्यांच्या पायातल्या वहाणा वाकून काढल्या, आपल्या चपला काढल्या, आणि दोघं त्या गोलात जाऊन उभी राहिली. बाया त्यात कधी उभ्या राहत नाहीत. पुरुषांनी सरकून जागा केली.

"कसं तुडवायचं ते दाखवा, बाबा," ती लखमादादाला म्हणाली.

मीही बूट काढले. आम्ही सगळ्यांनी मिळून तुडवलं. लखमादादा रडत होता आणि तुडवत होता. माती सुकी होती, धूळ गुडघ्यांपर्यंत उडत होती.

नाईक भानुदास गेला तेव्हा त्याची तिशीही पुरी झालेली नव्हती. मी पेन्शनीत आलो, तेव्हापासून दर पावसाळा संपला की सुट्टीच्या दिवशी बोईसरहून सफाळ्याला उतरतो आणि पाड्यावर जातो. लखमादादा चहा ठेवतो. मी दोन्ही हातांनी खांब धरून जोर लावून बघतो. हलत नाही. त्या दिवशी असा एक हवा होता.