आईच्या बाजूचा ब्रेक

बाबांना छापखान्यात सगळे ‘सबुरी’ म्हणायचे. यंत्र अडलं, मालक डोकं धरून बसले, बाकीचे हातघाईवर आले, की हे फडक्याला हात पुसत येणार आणि म्हणणार, “सबुरीनं घ्या रे.” आठवडाभर यंत्रांची मनधरणी करून त्यांचं पोट भरायचं नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी ते घरची गाडी उघडून बसायचे. आमच्या गाडीनं गॅरेज कधी पाहिलंच नाही. परक्या माणसानं तिला हात लावलेला बाबांना खपायचा नाही.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी ब्रेक दाबला की गाडी थरथरायला लागली. स्टिअरिंग हातात नाचायचं. भावानं फोनवर फर्मान काढलं, “विकून टाका. या वयात कशाला हवी गाडी?” आणि हे बाबांच्या गळी उतरवायची कामगिरी आली माझ्यावर. आमच्याकडे पद्धतच आहे. भाऊ लांबून शहाणपण पाठवतो, मी ते घरपोच करते.

मी शनिवारी पोचले, तर बाबांनी नव्या डिस्क आणूनच ठेवल्या होत्या. आईच्या शिलाई मशीनवर.

“पुढच्या दोन्ही डिस्क गेल्यात. उद्या बदलतो,” ते म्हणाले.

“बाबा, तुम्हाला चाक तरी उचलवणार आहे का?”

त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, सबुरी संपली.

“असं कर. उद्या मी एकटा काम करतो, तू फक्त बघ. नीट झालं तर गाडी इथेच राहील आणि तुझ्या भावानं पुन्हा विषय काढायचा नाही. चुकलं तर चावी तुझी. मग विक, नाहीतर भंगारात घाल.”

“कबूल,” मी म्हटलं. म्हटलं आणि लगेच जिवाला घोर लागला. या घरात आईनंतर बोलायला त्यांना ती गाडीच तर होती.

सकाळी त्यांनी अंगणात पोतं अंथरलं. मागच्या चाकांना विटा लावल्या, कारण आमचं अंगण फाटकाकडे उतरतं. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल केले, मग जॅक चढवला, खाली लोखंडी स्टँड दिला आणि गाडीला एक धक्का मारून पाहिला. मी पायरीवर चहा घेऊन बसले होते, चुका शोधायला. एक सापडेल तर शपथ!

लहानपणी हे सगळं बघायला आम्ही अंघोळी टाळायचो. बाबा चाकाशी, आई गाडीत. आईला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. “घर चालवते तेवढं पुरे,” म्हणायची. पण ब्रेकचं काम आटपत आलं की तिला हाक जायची. ती ओले हात पुसत यायची, चपला बाहेर काढून ड्रायव्हरच्या जागी बसायची. बाबा बाहेरून म्हणायचे, “दाब गं.” ती दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. मग पायाला काहीतरी कळलं की जाहीर करायची, “झाली शहाणी!” त्यानंतरच गाडी हलायची.

शेजारी बसली तरी तिचा ब्रेक चालूच. समोर सायकल दिसली की तिचा उजवा पाय खालच्या रबरी मॅटवर गच्च! बाबा म्हणायचे, “तुझा ब्रेक बरा, डिस्क झिजतच नाही.” डिस्क नव्हती, पण मॅट झिजली. टाचेखाली चक्क भोक पडलं. बाबांनी ती मॅट कधी बदलली नाही.

इकडे बाबांनी डिस्कला धरून ठेवणारा जबडा सोडवला आणि त्याच्या नळीवर भार येऊ नये म्हणून तारेनं वर बांधला. जुनी डिस्क गंजून चिकटली होती. हातोडीनं हळूहळू, फिरवत फिरवत ठोकली तेव्हा निघाली. तिच्या कडेला झिजून धार आली होती. नवी डिस्क तेल पुसून बसवली, जबड्यातला दट्ट्या आवळून आत ढकलला, जाड नवे पॅड घातले. मग दुसऱ्या बाजूलाही तेच. मध्ये दोनदा कमरेवर हात ठेवून उभे राहिले, पण मी उठले तसे डोळे वटारले. शेवटी चाकं चढवून गाडी खाली उतरवली, नट समोरासमोरचे आवळले, विटा काढल्या, हात धुतले, शर्ट बदलला. शर्टसुद्धा!

“बस पायरीवर. एक चक्कर मारून आणतो,” म्हणाले. चेहऱ्यावर जिंकल्याचं तेज होतं. खरं सांगते, मलाही हायसं वाटलं.

त्यांनी गाडी सुरू केली. गाडी उतारानं निघाली आणि फाटक उघडायला थांबायचं तिथे थांबली नाही. बाबांचं तोंड उघडं पडलेलं मला काचेतून दिसलं. मग हँडब्रेकची करकर आणि फाटकावर धाडकन आवाज.

मी धावले. लागलं काहीच नव्हतं. बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते.

“पॅडल दाबून घ्यायचं राहिलं,” ते म्हणाले. “दट्ट्या आत ढकलला की आधी चार-पाचदा दाबून त्याला जाग्यावर आणावं लागतं. नाहीतर पहिला ब्रेक पोकळ जातो. शेंबड्या पोरालाही माहीत असतं.”

“मग विसरलात कसे?”

“विसरलो नाही गं. ते काम मी कधी केलंच नाही.” त्यांनी पायाखालच्या पॅडलकडे पाहिलं. “ते तिचं होतं.”

बाबांना रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. आता ते पाहिलं आणि मीही रडले, उभ्या उभ्या, फाटकाला टेकून.

थोड्या वेळानं त्यांनी गाडी बंद केली, उतरले आणि चावी माझ्या हातात ठेवली. “ठरलं होतं. चावी तुझी.”

“माझी ना? मग विकायची की नाही ते मी ठरवणार. भाऊ नाही आणि तुम्हीही नाही.” मी चपला काढल्या आणि ड्रायव्हरच्या जागी बसले. “सांगा.”

त्यांना कळायला वेळ लागला. मग पुढच्या चाकाजवळ जाऊन उभे राहिले, घसा खाकरला.

“दाब गं.”

पाय खोल गेला. सोडला. पुन्हा दाबला. तळव्याखाली ते पोकळ हळूहळू भरत आलं, आणि एकदम घट्ट लागलं.

“झाली शहाणी,” मी म्हटलं.

मी गाडी मागे घेतली, बाबांनी वाकलेलं फाटक ओढून उघडलं. मग ते आईच्या जागी येऊन बसले. स्वतःच्या गाडीत ते त्या बाजूला कधी बसलेच नव्हते. पट्टा कुठून ओढायचा तेही त्यांना सापडेना. कोपऱ्यावर एक सायकलवाली आडवी आली. मी ब्रेक दाबला. गाडी जराही न थरथरता उभी राहिली.

मी शेजारी पाहिलं. बाबांचा उजवा पाय खाली मॅटवर गच्च होता, आणि टाच आईच्या त्या भोकात.

“लागला का ब्रेक?” मी विचारलं.

“लागला,” बाबा म्हणाले. पाय त्यांनी तिथेच ठेवला.