नसलेल्या मुलीसाठी प्रार्थना

वडील लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहायचे. मी सातवीत असताना त्यांचा मणका गेला आणि ते खाटेला लागले. आम्ही नाशिकरोडला आलो. आई मुलांच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. खोली एकच, त्यात आम्ही तिघं, भांडीकुंडी आणि भिंतीवर क्रूस. अशा खोलीत माणसाला गुपचूप रडताही येत नाही. आमच्यात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, म्हणून सगळ्यांचे डोळे माझ्यावर. ही तक्रार नाही, मला त्याचा अभिमानच वाटायचा.

मला मुलगे आवडतात हे मला आधीपासून कळत होतं, सोळाव्या वर्षी ते नाकारणं जमेना. मी देवाकडे एकच मागणं लावलं, मला बदल. दर शुक्रवारी उपास धरला. काही बदललं नाही. मग मीच स्वतःला शिक्षा ठरवली, चर्चमधलं प्रभुभोजन घ्यायचं नाही. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या आठवणीतल्या पावाच्या तुकड्यांची ताटली बाकावरून हातोहात फिरते. आपला तुकडा घ्यायचा आणि ताटली शेजाऱ्याला द्यायची. मी ती तशीच पुढे द्यायला लागलो. वाटलं, एवढ्या माणसांत कोण बघतंय? पण पलीकडे बायकांच्या बाजूला आई बसलेली असायची.

"कोण हे ती?" एकदा पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं.

"कोण ती?"

"मला येडी समजतो का? जेवणात ध्यान नाय, अभ्यासात नाय, प्रभूची ताटली पुढं ढकलतो. पोरगीच हे."

"मुलगी नाहीये, आई."

"मग काय पोरगा हे?" म्हणाली आणि स्वतःच हसली. माझं तोंड तिने पाहिलं नाही, तव्यावरची पोळी करपत होती.

तिने चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर घातलं आणि पुढच्या आठवड्यात आमच्या खोलीत घरसभा ठरली. लोक दाटीवाटीने बसले, काही दाराबाहेर उभे राहिले. एकेकाने मोठ्याने प्रार्थना केली, की प्रभू, या लेकराला त्या मुलीच्या मोहातून सोडव. एका काकांनी तर त्या मुलीच्याही आत्म्याचं तारण मागितलं, बाप्तिस्मा घेत असेल तर लग्नाला आपली हरकत नाही, असंही देवाला सांगितलं. मला हसू फुटलं आणि त्याच हसण्याचं रडं झालं. लोकांना वाटलं, मला पश्चात्ताप झाला. सगळे "आमेन, आमेन" म्हणायला लागले. तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं, बारावी झाली की पुणं गाठायचं आणि पुन्हा चर्चची पायरी चढायची नाही. मी उठून बाहेर नळापाशी गेलो.

माझ्या मागोमाग एक बाई आल्या. निवृत्त नर्स, पाळकबाईंच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नीच्या, नात्यातल्या. दुपारीच त्या पेठ गावी परत जाणार होत्या, एस्टी चुकली म्हणून पाळकबाईंबरोबर सभेला आलेल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

"मुलगी नाहीच ना रे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"माझा धाकटा भाऊ असाच होता. आम्ही त्याच्यासाठी लय प्रार्थना केल्या, त्याला कधी विचारलं मात्र नाही. तो गेला घर सोडून." ताटलीचं त्यांनी आत प्रार्थनांतच ऐकलं होतं. "आणि ताटली पुढे द्यायचं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच ठरवलं."

"अस्सं! म्हणजे प्रभूच्या मेजावर कोणाला बसवायचं, हे तू ठरवतोस होय?"

एवढं बोलून त्या आत गेल्या. पुन्हा कधी भेटल्या नाहीत. त्यांची एस्टी त्याच दिवशी का चुकली, हे मी कोणाला पटवत बसत नाही. मला मात्र त्या दिवशी कळलं, की आधी मला बदल, मग मी तुझा, अशी अट मी देवाला घालत होतो. आहे तसा मी त्याच्या हाती कधी गेलोच नव्हतो.

पुढच्या पहिल्या रविवारी मी तुकडा घेतला आणि संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. कामावर रडायची, हे मला तिच्या सोबतच्या मावशींकडून कळलं. मग एका सकाळी ताट वाढताना म्हणाली, "तुझ्या बापाला मी सांगते. तू अभ्यास कर." वडिलांना तिने कसं सांगितलं ते माहीत नाही. ते मला एवढंच म्हणाले, "चर्चला जातो ना? मग झालं."

पुढे मी पाळकसाहेबांनाही सांगितलं. त्यांना माझं म्हणणं अजूनही पटत नाही. ते बायबल उघडतात, मीही उघडतो, चहा होतो, वाद तसाच राहतो. पण त्यांनी मला मेजापासून कधी दूर केलं नाही, याबद्दल मी त्यांचा आणि देवाचा ऋणी आहे.

मी पुण्याला गेलो नाही. नाशिकमध्येच बी.कॉम. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. मी समलिंगी आहे, मी ख्रिस्ती आहे आणि माझ्या आईला दोन्ही ठाऊक आहे.