बाबांच्या खांद्यावरचा रंग

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या हिवाळ्यात आईचं मन रमवणं ही मला दुसरी नोकरीच आहे. बर्फामुळे तिला बाहेर पडता येत नाही, मराठी मालिकांमधली रडारड तिला सोसत नाही, आणि मी घरून काम करते म्हणजे रिकामीच बसलेली असते, असा तिचा ठाम समज आहे. त्या दुपारी मी तिला एक जुना काळापांढरा इंग्रजी सिनेमा लावून दिला. लष्करी होता, एवढंच पाहिलं. बाबा पलटणीच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचे, त्यामुळे लष्करी काहीही तिला चालतं.

थोड्या वेळानं तिनं हाक मारली. आवाज वेगळाच लागला, म्हणून मी मीटिंग म्यूट करून धावले. पडद्यावर स्कॉटिश सैनिकांचा बँड चालला होता.

"थांबव ते. अगं, ह्यांच्या खांद्यावरचं कापड आहे ते," आई म्हणाली.

बाबांच्या गणवेशात डाव्या खांद्यावरून पाठीवर सोडलेलं चौकड्यांचं लोकरी कापड असायचं. आपल्या पलटणींच्या बँडनी स्कॉटिश पलटणींकडून घेतलेली, इंग्रजांच्या वेळेपासून चालत आलेली पद्धत. त्याला टार्टन म्हणतात, आणि कोणत्या पलटणीचा चौकडा कोणता हे ठरलेलं असतं. बाबा निवृत्त झाले तेव्हा ते कापड सरकारजमा झालं. नंतर बाबाही गेले. उरला तो दोघांचा एक फोटो, लग्नानंतर छावणीजवळच्या स्टुडिओत काढलेला. आई इकडे आली तेव्हा साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून तो घेऊन आली. त्यात ते कापड लालभडक आहे.

"म्हणजे सिनेमातलंही लालच असणार," मी हुशारी दाखवली.

आई फोटोकडे बघत राहिली. "लाल नव्हतं ग ते."

मग तिनं जे सांगितलं ते मला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं. फोटो मुळात काळापांढरा. स्टुडिओवाल्यानं नंतर हातानं रंग भरले होते. आईचा शालू हिरवा. स्टुडिओवाला म्हणाला, वहिनींच्या हिरव्याशेजारी तुमचं गडद कापड उठून दिसायचं नाही, लाल करतो. बाबा म्हणाले, करा. बाबा कुणालाच नाही म्हणायचे नाहीत.

"मग खरा रंग कोणता होता?"

"तेच तर गेलं डोक्यातून. रोज हा फोटो बघून बघून लालच डोळ्यांत बसलंय." तिनं पदरानं डोळे टिपले. "त्यांचं खरं असं माझ्याकडे काहीच राहिलं नाही."

मला तिचा राग आला, स्टुडिओवाल्याचा आला, आणि सगळ्यात जास्त बाबांचा आला. मला तर बाबा सुट्टीपुरतेच माहीत. बाकी वर्षभर आमचे बाबा म्हणजे तो फोटो. त्यातला रंगही खोटा निघावा, हे मला सहन होईना. मी आईला म्हटलं, शोधून काढते.

इंटरनेटवर जुन्या सिनेमांतले गणवेश ओळखणाऱ्या हौशी लोकांचा एक गट सापडला. कुणाला कशाचा नाद असेल सांगता येत नाही. मी थांबवलेल्या पडद्याचा फोटो टाकला. एका निवृत्त मास्तरांनी लगेच लिहिलं, काळ्यापांढऱ्यात रंगाच्या नादी लागू नका, रेघा पाहा. जाड गडद पट्टा, त्यावर शेजारी शेजारी दोन बारीक उजळ रेघा, मग पुन्हा पट्टा. मी मोबाइलचा टॉर्च लावून आमच्या फोटोवर वाकले. लाल रंगाचा हात पातळच होता. खाली त्याच दोन रेघा दिसत होत्या.

"मॉम, इट्स जस्ट अ चेक्ड क्लॉथ," माझी लेक जाता जाता म्हणाली. मी रेघा मोजत राहिले.

गटात बरीच हमरीतुमरी झाली आणि शेवटी एकमत झालं. गडद हिरवा, गडद निळा, आणि त्या दोन रेघा पिवळ्या. स्कॉटलंडमधलं एक दुकान अजून तो चौकडा विणतं. मी एक तुकडा मागवला. तो येईपर्यंत आई रोज खिडकीतून पोस्टाच्या गाडीची वाट बघायची. संक्रांतीला तिळगूळ करतानाही तिचा एक डोळा रस्त्यावर होता.

पाकीट आलं. मी कापड टेबलावर पसरलं. सुंदर होतं, ओल्या हळदीसारखा पिवळेपणा होता रेघांना. आईनं चष्मा लावला, कापड उजेडात धरलं, मग चष्मा काढून पुन्हा पाहिलं. दोन रेघांवरून बोट फिरवलं. लग्नानंतर छावणीत असताना ते खांद्यावर टाकून बाबा निघायचे तेव्हा ती फाटकात उभी राहायची, एवढं ती मला पूर्वी सांगायची. मी वाट बघत होते की ती आता म्हणेल, हेच.

"हेच असणार," ती म्हणाली. "तू एवढी मेहनत घेतलीस."

"आठवलं का पण?"

तिनं डोळे मिटले.

"नाही ग," आई म्हणाली. "मला ह्यांच्या खांद्यावर लालच दिसतं."

कापड घडी करून ठेवावं म्हणून मी हात पुढे केला. पण तिनं ते मुठीत घट्ट धरलं होतं, आणि ती सोडायला तयार नव्हती.