तन्वीचे घरगुती डॉक्टर

घरात एखाद्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणारी अतिचंचलता निघाली, की सगळा गाव डॉक्टर होतो. आमच्या कारापूरच्या घरात असे किस्से इतके साठलेत, की कुठून सुरू करू तेच कळत नाही.

पणजीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या नऊ वर्षांच्या तन्वीचं निदान केलं. आधी आईबापांचं ट्रेनिंग, शाळेत थोडी सवलत आणि लागलीच तर गोळी, असं नीट समजावलं. घरी आल्यावर नवऱ्याच्या काकांनी इलाज एका वाक्यात उरकला, "दोन थापटां लाय, शांत बसतली." मी म्हटलं, "काका, तुमकां ल्हानपणी इतकीं लायलीं, तुमी खंय शांत बसतात?" काका आठवडाभर चहाला फिरकले नाहीत.

*

ट्रेनिंगमध्ये शिकवलं, मुलीने काम पुरं केलं की तिथल्या तिथे कौतुक करा. माझा नवरा टिपर चालवतो. कौतुक करणं त्याच्या घराण्यातच नाही! बिचाऱ्याने आधी माझ्यावर सराव केला, "भाजी बरी जाल्या." लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. थेरपीचा गुण आधी मला आला.

*

शाळेत बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं. मधूनमधून उठायला मिळावं म्हणून फळा पुसायचं काम दिलं. काही दिवसांनी बाई हसत म्हणाल्या, आता अर्ध्या वर्गाला हाच आजार हवाय.

*

एवढ्याने फरक पडला, पण पुरेसा नाही. मग गोळी सुरू झाली. साखळीच्या बाजारातल्या औषधवाल्याने चिठ्ठी बघून विचारलं, कोणासाठी? दुकानातल्या चार माना वळल्या. मी मोठ्याने सांगितलं, "म्हज्या चलयेक, तन्वीक. आनी कोणाक कितें विचारपाचें आसा?" चारही माना परत फिरल्या. लाज कसली? तीच तन्वी आता गणिताचं पान पुरं करून उठते.

*

गोळीने तिची दुपारची भूक कमी झाली. डॉक्टर म्हणाल्या, सकाळी नाश्ता भरपूर द्या, रात्री पोटभर जेवू दे, वजनावर लक्ष ठेवू. पण भरलेला डबा परत आला की सासूबाईंचा जीव तुटायचा. शेवटी त्या मला घेऊन देवळात कौल लावायला गेल्या. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवाचा होकार. सासूबाईंनी विचारलं, "देवा, नातीची गोळी बंद करूं?"

उजवी पाकळी पडली.

एवढी सगळी मेहनत एका पाकळीपायी सोडायची? मी हात जोडले आणि सासूबाईंकडे बघत गुरवाला म्हटलं, "आनी एक कौल लाय. आईंची बीपीची गोळीय आजच्यान बंद करूं?"

गुरवाने पाकळी भिजवायला घेतली. सासूबाईंनी त्याचा हात धरून त्याला थांबवलं.

"राव रे. देवाक किती त्रास दिवप?"