न वाजणारी खिरापत

सुशीलाबाईंची आणि माझी पहिली ओळख शाळेत झाली नाही, एका डब्यावरून झाली. आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूरकडच्या आमच्या गावात, मराठी शाळेवर, त्या नुकत्याच बदलून आल्या होत्या. मी तेव्हा पाचवीत होते. भाद्रपदातली पौर्णिमा होऊन घरोघरी भुलाबाई बसल्या होत्या. कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊन गाणी म्हणायचो. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा आमच्या कानाशी हलवायची आणि आत कोणता खाऊ आहे ते आम्ही ओळखायचं. ती खिरापत. ओळखल्याशिवाय कोणाच्या हातावर काही पडत नसे. खुळखुळलं की फुटाणे, सरसरलं की मुरमुरे. आम्ही त्यात पटाईत होतो. नव्या बाईंनी डबा हलवला, तर आतून आवाजच नाही.

"रिकामा हाये," मी म्हणाले.

"रिकाम्या डब्यासाठी तुमाले बलावलं असतं काय मी?" बाई हसून म्हणाल्या.

मग आम्ही येईल ते नाव घेत सुटलो. बाई मान हलवत, मधूनच एखादी खूण सांगत, आणि त्या नादात प्रत्येकीचं नाव, घर, आईचं माहेर विचारून घेत. दिवेलागण झाली तेव्हा कुठे डबा उघडला. फडक्यात गच्च आवळून बांधलेले तिळाचे लाडू होते. "बाईची खिरापत वाजत नाही" ही तक्रार त्या दिवशी सुरू झाली, ती एकेक पोर सासरी जाईपर्यंत टिकली. त्या घरात बाई आणि त्यांचा लहान मुलगा, दोघंच राहत हे तेव्हा आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाईंच्या अध्यापनाबद्दल या गौरवग्रंथात इतर मान्यवर लिहितीलच. मी एवढंच सांगते की त्यांची शाळा संध्याकाळीही चालू असे. कापूस वेचणीला आला की मुली वर्गातून गळायच्या, पण भुलाबाईच्या गाण्यांना हमखास यायच्या. सकाळी न दिसलेली मुलगी बाईंना तिथे सापडे आणि गाणी संपली की बाई तिच्या आईजवळ ओट्यावर बसत. सातवीनंतर माझ्या बाबांनी मला घरी बसवायचं ठरवलं, तेव्हाही त्या अशाच आल्या. "आता इले वावराचं काम शिकू द्या," बाबा म्हणाले. बाईंनी वाद घातला नाही. "शिकू द्या ना. पर हजेरीतून इचं नाव काही मी कमी करून नाही राह्यली," एवढं बोलून त्यांनी चहा मागितला. दोन कप चहा होईस्तोवर बाबा नरमले. आज मी त्याच शाळेत शिकवते, हे त्या दोन कपांचं देणं.

बाईंचा एक दंडक होता. गाणं म्हणणाऱ्या एकाही मुलीचं घर सुटायचं नाही. पोस्टमनची पद्मा तेलुगू. तिच्या घरी भुलाबाई बसत नसे, म्हणून आम्ही ते दार टाळून पुढे निघालो, तर बाई तिथेच थांबल्या. "ती तुमच्या दारी गाते, अन् तुमी तिच्या दारावरून काऊन जाऊन राह्यल्या वं?" आम्ही मागे फिरलो. पद्माच्या आईला आमच्या गाण्यातलं अक्षरही कळलं नसेल, पण तिने गुळाचा मलिदा हातावर ठेवला. पुढच्याच आठवड्यात ती आम्हा सगळ्यांना तळ्यावर बतुकम्मा, म्हणजे त्यांचा फुलांचा सण, खेळायला घेऊन गेली. तंगेडूची पिवळी फुलं रचायला मी तिच्याकडून शिकले. तेव्हापासून आमच्या गावाला आश्विन महिना एकाच भाषेत कधी पुरला नाही.

मग किराणा दुकानदाराच्या घरी टीव्ही आला. कोणी भांडलं नाही, कोणी काही बंद केलं नाही. संध्याकाळी दोन मुली कमी आल्या, पुढच्या वर्षी आणखी काही. काहींची लग्नं झाली, पद्माच्या वडिलांची बदली झाली, काही घरं मुलांच्या इंग्रजी शाळेपायी आदिलाबादला गेली. चौकात मंडळाचा मांडव पडू लागला आणि भोंग्यावर कॅसेट लागली. मला राग यायचा. बाईंना मी कधी चिडलेलं पाहिलं नाही. "भोंगा गाते चांगला," त्या म्हणाल्या, "पर त्याले खिरापत ओळखता येत नाही." आणि दरवर्षीसारखा त्यांनी डबा भरला, तेवढाच, काठोकाठ.

एका कोजागिरीला त्या डब्यासमोर मी एकटीच होते. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई मांडलेली, बाहेर मांडवातून भोंग्याचा आवाज. दोघींनी मिळून गाणी म्हटली. बाईंनी डबा माझ्या कानाशी हलवला. आवाज नाही. "तिळाचे लाडू," मी लगेच म्हणाले. बाईंनी झाकण काढलं, लाडू माझ्या हातावर ठेवला आणि भरलेल्या डब्याकडे बघत राहिल्या.

"इतक्या लौकर काऊन ओळखलं वं?" त्या म्हणाल्या.

बाईंना तो डबा का वाजू द्यायचा नसे, ते मला तेव्हा कळलं. त्या वर्षापासून मी दरवर्षी चुकते. फुटाणे म्हणते, खोबरं म्हणते, एकदा तर साबुदाण्याची खिचडीसुद्धा म्हटली. मी मुद्दाम चुकते हे बाईंना ठाऊक आहे, आणि तरीही त्या तितक्याच गंभीरपणे मान हलवतात. तेवढ्या वेळात आम्ही एकेका मुलीची आठवण काढतो, कोण कुठे आहे, कोणाला काय झालं.

बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या सोहळ्यानंतर त्या मुलाकडे हैदराबादला राहायला जाणार आहेत. जावंच, मुलाने आईला किती दिवस एकटं राहू द्यायचं? पण बाई, या गावात तुमच्याशिवाय मला आश्विन नको वाटतो, हे चारचौघांसमोर लिहून टाकते. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे शाबूत राहोत आणि दर कोजागिरीला आदिलाबादची गाडी मिळो. यंदापासून डबा मी भरणार आहे, फडक्यात गच्च बांधून. तुमच्या कानाशी मी तो हलवीन. ओळखायला घाई करू नका, बाई. पुष्कळ वर्षं चुकत राहा.