टेबलावर वाजलेली बेल

विलासदादाने बनवलेली बेल खराब नव्हती.

हे वाक्य मी वर्षभर गिळून बसलो होतो. आज त्याला जाऊन वर्ष झालं. आता गिळणार नाही.

ओळखत नसाल त्यांच्यासाठी: रबाळे एमआयडीसीत त्याचा छोटा गाळा होता. आधी टीव्ही रिपेअर, मग वायरलेसची कामं. मी शेजारच्या प्रेसमध्ये मजकूर लिहायचो. चहा त्याच्याकडे, गप्पा त्याच्याकडे.

कळंबोलीतल्या एका स्टील यार्डाने त्याला इमर्जन्सी बेल करायला सांगितली होती. तिथे कामगारांचे फोन गेटवर जमा होतात. क्रेनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. म्हणून यार्डात पाच ठिकाणी लाल बटणाचे डबे, आणि बेल ऑफिसात. बटण दाबलं की ऑफिसात बेल वाजायची आणि डब्यावर हिरवा दिवा लागायचा. म्हणजे, तुझी हाक पोचली.

डब्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं वायरलेस मॉड्यूल. ते लांब पोचेल असं लावता येतं, किंवा बॅटरी वाचवेल असं. एका वेळी दोन्ही नाही.

दादाने लांब पोचेल असं लावलं. सिग्नलची ताकद पूर्ण, वेग सगळ्यात कमी.

"घाईत बोललं का लांबच्याला कलत नाय. सावकाश बोल, मग जातं," असं म्हणायचा.

त्याची किंमत एवढीच, की दर महिन्याला सेल बदलायचे.

टेस्टिंगच्या दिवशी मला ऑफिसात बेलजवळ बसवलं. स्वतः भर दुपारी यार्डाच्या टोकाला. क्रेन चालू ठेवायला लावली, मध्ये मुद्दाम दोन ट्रक उभे करायला लावले.

फोनवर, "वाजली?"

"वाजली."

मग भिंतीवर खडूने खूण. पुढचा डबा. पाचही झाले, परत पहिल्यापासून.

"दादा, बस की आता. ऊन बघ केवढंय."

"तुला पंख्याखाली बसून ऊन लागतं व्हय? गप बस नि बेल ऐक."

असा माणूस.

काही महिन्यांनी त्या यार्डात एका कामगाराच्या पायावर पाइपांचा गठ्ठा घसरला. टोकाच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या कॉइलच्या ढिगामागे. बटण त्याच्या हाताला लागत होतं. तो दाबत राहिला.

हिरवा दिवा लागला नाही.

तासाभराने एका ट्रक ड्रायव्हरला तो दिसला. जीव वाचला. पाऊल गेलं.

दुसऱ्या दिवशी दादा लॅपटॉप घेऊन तिथे गेला. मी बरोबर होतो. ही मॉड्यूलं बंद केली तरी आपली सेटिंग विसरत नाहीत. विचारलं की सांगतात. दादाने विचारलं.

पाचही डबे आणि ऑफिसातला बेलचा रिसीव्हर, सगळे पॉवर सेव्हिंगवर, म्हणजे बॅटरी वाचवायच्या सेटिंगवर.

त्याने मेंटेनन्सच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "अहो, सारखे सेल कोण बदलणार? मॅनेजर ओरडायचे. मोड बदलला. पण चेक केलं ना! सगळे डबे आणून टेबलावर ठेवले, एकेक बटण दाबलं. बेल वाजली."

"टेबलावर?"

"हो. इथेच, ऑफिसात."

दादाचा आवाज चढला नाही. "साहेब, तो मानूस टेबलावर काम करत व्हता का?"

चहा आला. आम्ही घेतला नाही.

यार्डाच्या रिपोर्टमध्ये मोड नाही, सेल नाही, टेबल नाही. एकच ओळ: उपकरण निकृष्ट दर्जाचे असल्याने वेळेवर चालले नाही.

ज्याने सेटिंग बदलली त्याने बदलली म्हणून कबूल केलं होतं. माझ्यासमोर. तरी ती ओळ लिहिली गेली, तिच्यावर सह्या झाल्या, आणि ती आसपासच्या यार्डांत फिरली. ज्यांच्याकडे दादाच्या बेल नीट वाजत होत्या, त्यांनीही त्या काढून परत पाठवल्या. एकानेही फोन करून विचारलं नाही.

दादा लढला नाही. "मॉड्यूल खोटं बोलत नाय, बास," म्हणाला, आणि परत आलेले डबे गाळ्यात रचून ठेवले. त्यानंतर नवीन काम घेतलं नाही.

रिपोर्टमुळे गेला असं मी म्हणणार नाही. हृदयाचं दुखणं जुनं होतं. पण गेला तेव्हा त्याच्या नावापुढे 'निकृष्ट' लिहिलेलं होतं, आणि ते खोडायला यार्डातलं कोणी आलं नाही.

आता माझं.

डब्याच्या झाकणात आतून चिकटवायचं सूचनांचं कार्ड मी लिहिलं होतं. दादाने शेवटी एक वाक्य सांगितलं होतं. कार्डावर जागा नव्हती, प्रेस मजकुरासाठी थांबली होती. मी ते कापलं. म्हटलं, "दादा, हे काय लिहायचं? एवढं तर कोणीही करेल."

अपघातानंतर मी त्याला म्हणालो, चूक माझी पण आहे.

तो म्हणाला, "सोड रे. आपल्या दोघांना वाटलं, एवढी अक्कल सगल्यांना आस्ते."

त्याने सोडलं. मला जमलेलं नाही.

तर यार्डवाल्यांनो, तुमच्यापैकी काही जण माझ्या लिस्टमध्ये आहात. रिपोर्टमधली ओळ खोटी आहे. कॉमेंटमध्ये नाकारून दाखवा. आणि परवा तुमच्याकडे दुसऱ्या कोणाची नवी बेल बसली, असं ऐकलं. तिच्या झाकणात हे चिकटवा. कापलेलं वाक्य, दादाच्याच शब्दांत:

'सेटिंग बदललीत तर बटन घेऊन सगल्यात लांबच्या कोपऱ्यात जा, क्रेन चालू ठेवा, आनि तिथून दाबा.'

मजकूर फार उशिरा देतोय, विलासदादा.

तुझी बेल वाजत होती. तुला मनापासून श्रद्धांजली.